आतला मेद बाहेर आला तेव्हा

1972 साल पेशीपटलाच्या अभ्यासाला भरभरून देऊन गेलं. सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचं चित्र मांडलं: प्रवाही मेदात तरंगणारी प्रथिनं. मार्क ब्रेचर यांनी म्हटलं, मेदाचे दोन थर एकसारखे नसतात. आणि केर, वायली, करी या तिघांनी पेशीच्या शिस्तशीर मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. या तीन धाग्यांची गाठ पडायला वीस वर्षं लागली. सगळ्यांची नजर प्रथिनांवर होती. मेद म्हणजे नुसती भिंत.

फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद निरोगी पेशीत बहुतांशी आतल्या थरातच असतो. तो आपोआप तिथे राहत नाही. पेशी ऊर्जा खर्चून त्याला आत ओढत राहते. 1992 मध्ये व्हॅलेरी फॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मरू घातलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीत तो बाहेर येतो आणि त्यावरूनच मॅक्रोफेज या भक्षक पेशी तिला ओळखून गिळतात.

याहून मोलाचा मला त्यांचा 1998चा शोध वाटतो. अशा पेशी गिळलेले मॅक्रोफेज दाह वाढवणारी रसायनं आवरती घेतात आणि दाह शमवणारं टीजीएफ-बीटा स्रवतात. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात, तरी कुठे सूज नाही, ताप नाही. ही शांतता आपसूक नसते, ती राखावी लागते.

ती बिघडली तर? शिगेकाझू नागाता यांच्या गटाने 2002 मध्ये या मेदाला आणि मॅक्रोफेजला जोडणारं प्रथिन एमएफजी-ई8 असल्याचं दाखवलं. ते नसलेल्या उंदरांत पुढे स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली, ल्युपस या आजारात बिघडतात तशी मूत्रपिंडं बिघडली. मेद बाहेर काढणारं एक्सकेआर8 2013 मध्ये सापडलं, आत ओढणारं एटीपी11सी 2014 मध्ये. मरणाच्या वेळी प्रथिनं कापणारी एकच कात्री, कॅस्पेज, पहिल्याला चालू करते आणि दुसऱ्याला बंद. इतकी काटकसरी रचना क्वचितच दिसते.

विषाणूंनी ही खूण कधीच हेरली होती. देवीच्या लसीतला व्हॅक्सिनिया हाच मेद अंगावर पांघरून पेशीत शिरतो, हे मर्सर आणि हेलेनियस यांनी 2008 मध्ये दाखवलं. कर्करोगाच्या गाठींतही तो बाहेर दिसतो, म्हणून त्याला लक्ष्य करणारं बाविट्युक्सिमॅब हे प्रतिपिंड आलं. फुप्फुसाच्या कर्करोगावरची त्याची मोठी चाचणी 2016 मध्ये थांबवावी लागली. रक्त गोठताना प्लेटलेटसुद्धा हाच मेद बाहेर काढतात. एवढ्या कामांत गुंतलेल्या रेणूवर एका प्रतिपिंडाने ताबा मिळेल, ही अपेक्षा मला भाबडीच वाटते.