झोपेला आलेले मूल हट्ट का करते?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये रात्री नऊ वाजताही काही खिडक्यांत दिवे दिसतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला त्या वेळी सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. तिथल्या लोकांशी बोलायचे तर इथल्यांनी जागायला हवे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्याचा हा परिणाम! आईबाबा असे उशिरा मोकळे झाले, की घरातले चार वर्षांचे मूलही त्यांची वाट पाहत जागते.

झोप अपुरी झाली की मोठा माणूस पेंगतो. लहान मुलाचे पुष्कळदा उलटे होते. ते धावते, ओरडते, दुसऱ्याचे खेळणे हिसकावते. “झोपेला आलंय, म्हणून किरकिरतंय,” हे आजीचे निदान अगदी शास्त्रीय आहे.

आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग मनाला लगाम घालतो. ‘थांब, तुझी पाळी नंतर,’ हे तोच सांगतो. राग, भीती यांच्या उसळीत मात्र खोलवर असलेल्या, बदामाच्या आकाराच्या अमिग्डलाचा मोठा वाटा असतो. २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू वॉकर व सहकाऱ्यांनी तरुणांना रात्रभर जागवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. अमिग्डला जास्त जोराने उसळत होता आणि कपाळामागच्या भागाशी त्याचा दुवा सैल पडला होता. लहान मुलात तर हा लगाम अजून घडतच असतो. तो पक्का व्हायला विशी उलटावी लागते.

याहून बोलका प्रयोग कॅनडातील मॉन्ट्रियलचा. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. सात ते अकरा वर्षांच्या काही मुलांना पाच रात्री नेहमीपेक्षा जास्त, तर काहींना कमी झोपू दिले. कोण कोणत्या गटात, हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. तरी सरासरी २७ मिनिटे जास्त झोपलेली मुले वर्गात अधिक शांत आढळली; ५४ मिनिटे कमी झोपलेली उतावीळ आणि चटकन रडवेली होणारी. अवघी २७ मिनिटे! शिक्षा करण्यापूर्वी गुरुजींनी ‘काल कधी झोपलास?’ एवढे विचारायला हरकत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते झोपेचाच विचार करून. पण निजायची वेळही तेवढीच पुढे सरकली, तर हाती काय लागणार? तीन ते पाच वर्षांच्या मुलाला, दुपारची झोप धरून, १० ते १३ तास लागतात. तुमच्या धाकट्या भावंडाच्या झोपेचे तास पंधरा दिवस वहीत मांडा. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीची भांडणे लिहा.