‘एडिट’ या शब्दाचे कुळ

‘एडिट’ हा इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या तोंडी आता इतका रुळला आहे की, अर्जाचा खर्डा असो वा लग्नातले छायाचित्र, त्यात काही फेरफार करावयाचा म्हटला म्हणजे तोच जिभेवर येतो, आणि काटछाट हाच त्याचा अर्थ सर्रास गृहीत धरला जातो. त्याच्या व्युत्पत्तीत मात्र काटछाटीचा लवलेशही आढळत नाही. लॅटिनमधील ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग ‘दारे’ म्हणजे देणे या क्रियापदास जोडून ‘एदेरे’ हे रूप सिद्ध झाले. लोकांपुढे ठेवणे, प्रसृत करणे हा त्याचा अर्थ, आणि त्यातील ‘दारे’ आपल्या संस्कृत ‘दा’ धातूचेच सगोत्र होय.

रोमन काळी ग्लॅडिएटरांच्या झुंजी जो स्वखर्चाने नगरवासीयांना घडवी, त्यालाही ‘एदितोर’ म्हणत. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरीच्या भिंतींवर अशा झुंजींच्या रंगविलेल्या जाहिराती सापडल्या असून, त्यांपैकी एकीत ल्युक्रेशियस साट्रियस व्हॅलेन्स याच्या 20 आणि त्याच्या पुत्राच्या 10 जोड्या लढतील, श्वापदांची शिकार होईल, आणि उन्हापासून निवारा म्हणून वर कापडी छतही असेल, अशी ग्वाही दिलेली आहे.

इंग्रजीत ‘एडिटर’ हे नाम सतराव्या शतकात आले, तेही आरंभी प्रकाशक या अर्थाने. ‘एडिट’ हे क्रियापद बहुधा त्या नामावरूनच अठराव्या शतकाच्या अखेरीस घडले, आणि मजकूर सुधारणे हा अर्थ तर त्याहूनही अर्वाचीन.

मला तो जुना, देण्याचा अर्थच अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याची साक्ष पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा 1925 पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांनी वाहिली. शारदेपासून मल्याळमपर्यंत नाना लिप्यांतील पोथ्या ताडून पाहता, व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही आबालवृद्धांना प्रिय असलेली कथा मूळ संहितेत ठेवण्याइतका आधार त्यांना मिळाला नाही. तथापि ती त्यांनी नाहीशी केली नाही, तर आदिपर्वाच्या परिशिष्टात छापून वाचकांच्या हवाली केली.