एका शेताचे अनेक धनी

इ.स. 743 मध्ये जपानच्या सम्राट शोमूच्या दरबाराने फर्मान काढले : पडीक रान जो लागवडीखाली आणेल, त्याच्याकडेच ते कायमचे राहील. तोवर भातखाचरे सरकारची असत. माणशी वाटून मिळत आणि माणूस मेला की परत जात. ही सवलत दिसायला सर्वांसाठी होती. पण रान तोडायला, पाट खणायला लागणारे मनुष्यबळ होते बड्या मठांकडे आणि सरदारांकडे. नाराच्या तोदाइजी मठाने एचिझेन प्रांतात लगोलग हातपाय पसरले. अशा खासगी मुलुखांना ‘शोएन’ म्हणतात.

शोएन म्हणजे एका मालकाची जहागीर, असे मात्र समजू नये. पुढच्या काही शतकांत या व्यवस्थेला फारच चतुर वळण लागले. प्रांताधिकाऱ्याच्या वसुलीने बेजार झालेला गावचा जमीनदार आपली जमीन राजधानीतल्या एखाद्या वजनदार घराण्याला कागदोपत्री अर्पण करी आणि स्वतः कारभारी म्हणून तिथेच राही. त्या घराण्याचे वजन अपुरे पडले, तर त्याच्याही वर राजघराणे किंवा मोठे देवस्थान. वरच्यांच्या शब्दाने करमाफी मिळे, काही ठिकाणी तर सरकारी अंमलदाराला शिवेच्या आत पाऊल टाकायची बंदी. मग एकाच खाचराच्या भातातून मूळ कारभारी, मधला धनी, वरचा आश्रयदाता असे सगळे आपापला हिस्सा उचलत. या हक्काला ‘शिकी’ म्हणत. शिकी वारसाने मिळे, वाटली जाई, विकता येई. स्त्रियांच्याही नावावर असे. मराठी वाचकाला इथे वतन आठवेल. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने दख्खनचा गावगाडा आणि वतने हाच अभ्यासविषय केला, याचे म्हणूनच मला नवल वाटत नाही.

1069 मध्ये सम्राट गो-सान्जोने खास कचेरी उघडून शोएनांच्या सनदा तपासायला घेतल्या. काही रद्दही झाल्या, पण व्यवस्था टिकली. उलट खरा कागद जवळ बाळगणाऱ्याचा हक्क पक्का झाला.

कागदाला आव्हान दिले ते तलवारीने. 1185 मध्ये सामुराईंचा म्होरक्या मिनामोतो योरितोमो याला शोएनांवर आपले ‘जितो’ नेमण्याचा अधिकार मिळाला. वसुली आणि बंदोबस्त पाहणारे हे सामुराई अंमलदार. या सामुराई सत्तेशी झालेल्या 1221 च्या युद्धात दरबार हरला, सुमारे 3,000 जागा जप्त झाल्या आणि तिथेही जितो जाऊन बसले. ते काय करत, हे कीई प्रांतातल्या आतेगावा शोएनच्या रयतेने 1275 मध्ये लिहून ठेवले आहे. सोप्या काताकाना लिपीतली ही तेरा कलमी फिर्याद. बायकांचे नाक-कान कापण्याची धमकी तिथला जितो देत होता, असे तीत नोंदवले आहे. दाद मागायची तर लेखी, हे रयतेलाही उमगले होते.

निइमी शोएनची गोष्ट याच्या पुढची. बित्चू प्रांतातल्या या डोंगरी मुलुखाचा धनी क्योतोचा तोजी मठ. 1461 मध्ये गावकऱ्यांनी मठालाच कळवले, की मधला सामुराई कारभारी नको, तुम्हीच कारभार पाहा. मठाने युसेई नावाचा भिक्षू धाडला. तो वसुलीत कडक निघाला. थकबाकीसाठी त्याने एका खातेदाराला ठार केले आणि 1463 मध्ये त्याचाही खून झाला. त्याची देखभाल करणाऱ्या तामागाकीने मठाला पत्र लिहून त्याच्या वस्तूंपैकी काही आठवण म्हणून मागितल्या. पंधराव्या शतकातल्या खेड्यातल्या बाईचे असे पत्र क्वचितच हाती लागते. ते टिकले, कारण तोजीच्या भिक्षूंनी हिशेब, तक्रारी, पावत्या काहीच फेकले नाही. त्या दप्तरातले सुमारे 25,000 कागद आज क्योतोत जतन केलेले आहेत.

पण नुसते दप्तर सांभाळून धान्य येत नसते. 1467 मध्ये ओनिन युद्ध पेटले, खुद्द क्योतो जळाले आणि प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी दूरच्या धन्याला भात पाठवणे हळूहळू बंद केले. उरलेसुरले हक्क पुढे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीच्या मोजणीने पुसले. 1582 पासून त्याच्या माणसांनी शेतागणिक मोजणी करून उत्पन्नाचा अंदाज बांधला आणि प्रत्येक शेतापुढे कसणाऱ्या एकाचेच नाव लिहिले. सारा भरायचा तो त्याने. मधल्या हिस्सेदारांसाठी त्या वहीत रकानाच नव्हता.