आधी सातबारा, मग कुदळ

कोकणातल्या जमिनीचा सातबारा एकदा सावकाश वाचून पाहावा. तीन-साडेतीन गुंठ्यांचा तुकडा असतो. त्यावर पणजोबांच्या भावंडांपासून उतरत आलेली वीस-पंचवीस नावे असतात. इतर हक्कांच्या रकान्यात एखादे कूळ, कुठे देवस्थानाची नोंद. खातेदारांतले निम्मे मुंबईला, काही वारलेले आणि त्यांची वारसनोंद अजून झालेली नाही. जमिनीवरची आंब्याची चार कलमे कुणाच्या आजीने लावली, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असते, पण कागदावर कुठेच नसते. आमच्या घरच्या एका तुकड्याचा सातबारा असाच आहे. त्यातली काही जमीन रस्त्याच्या चौपदरीकरणात गेली. मोजणीच्या दिवशी बांधावर उभे असलेल्या चुलत्यांना शेजाऱ्याने विचारले होते, ‘‘काका, ह्यातली तुमची किती?’’ त्यांना सांगता आले नाही. सांगणे शक्यही नव्हते.

देशाचे रस्ते आणि रेल्वे यांचे धोरण म्हटले की किलोमीटर, कोटी आणि उद्‌घाटने यांची भाषा सुरू होते. मला मात्र या विषयाची सुरुवात त्या बांधावरून करावीशी वाटते. पनवेलपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत गेली पस्तीस वर्षे एक प्रयोगच आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. तोच सह्याद्री, तोच जांभा, तोच पाऊस आणि तेच सामायिक सातबारे. यातून एक रेल्वेमार्ग गेला आणि एक महामार्ग जातो आहे. रेल्वे १९९० साली हाती घेतली आणि १९९८ साली पूर्ण झाली. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. दीड दशक होत आले तरी गणपतीला गावी जाणारा चाकरमानी अजूनही निघण्यापूर्वी फोन करून विचारतो, ‘‘माणगावला कितपत अडकायला होतंय?’’

रेल्वेची मागणी फार जुनी. अ. ब. वालावलकरांनी या मार्गाच्या पाहणीसाठी आयुष्य वेचले. बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत ती लावून धरली. त्यांच्यामागून राजापूरचे खासदार झालेले प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तरी रूळ रोह्याला पोहोचायलाच १९८६ साल उजाडले. रेल्वे मंत्रालयाच्या वार्षिक तरतुदीतून दरवर्षी थोडे पैसे, थोडे काम, अशी ती गती होती. त्या हिशेबाने मंगळूर गाठायला आणखी कित्येक दशके गेली असती.

कलाटणी मिळाली ती १९९० साली, पैसे उभे करण्याच्या पद्धतीमुळे. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. दोघेही याच किनाऱ्याशी नाते असलेले; फर्नांडिस तर मंगळूरचेच. रेल्वेच्या नेहमीच्या चौकटीत हे काम बसणार नाही हे ओळखून त्यांनी वेगळे महामंडळ काढायचे ठरवले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भागभांडवल ८०० कोटींचे. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. केरळात या मार्गाचा एक किलोमीटरही नाही. पण मुंबईला येणारी त्यांची गाडी मोठा वळसा टाळणार होती, म्हणून त्यांनीही पैसे घातले. उरलेली रक्कम रोखे विकून उभी करायची, मार्ग बांधायचा, त्याच्याच उत्पन्नातून कर्ज फेडायचे आणि मग तो भारतीय रेल्वेच्या हवाली करायचा, अशी योजना होती. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हे तत्त्व भारतीय रेल्वेत इतक्या मोठ्या कामासाठी पहिल्यांदाच वापरले जात होते. पुढच्याच वर्षी देशावर सोने गहाण टाकायची वेळ आली, तरी हे काम थांबले नाही. त्याचे पैसे वार्षिक अंदाजपत्रकाच्या मर्जीवर टांगलेले नव्हते, हे त्याचे मोठे कारण.

मला या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती राज्यांची भागीदारी. जमीन संपादन करून देणारी यंत्रणा राज्याची असते. जिल्हाधिकारी, प्रांत, तलाठी, भूमी अभिलेखाचे मोजणीदार हे सगळे राज्याचे नोकर. केंद्राच्या एखाद्या प्रकल्पासाठी जमीन काढून देताना राज्य हे पाहुण्यासारखे वागू शकते. इथे राज्याचे स्वतःचे भांडवल अडकलेले होते. रोज व्याज चढत होते. जमीन उशिरा मिळाली तर तोटा स्वतःचाच होता. त्यामुळे मोजणी, नोटिसा, निवाडे ही कामे बांधकामाच्या पुढे-पुढे धावत राहिली. लोकांनीही साथ दिली. रेल्वे येणार म्हणून राहते घर रिकामे करून देणारी माणसे आमच्या पंचक्रोशीत होती.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन. १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झालेला पांबनचा पूल ४६ दिवसांत उभा करणारा हा अभियंता. त्यांनी रोहा ते ठोकूर हा ७४० किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभागावर एक मुख्य अभियंता, निर्णयाचे अधिकार जागेवरच, आणि सातही जण एकाच माणसाला उत्तरदायी. ९० हून अधिक बोगदे, जवळपास दोन हजार लहानमोठे पूल, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल आणि साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा हे सगळे या रचनेतून झाले. काम सोपे मुळीच नव्हते. पेडण्याच्या बोगद्यात भिजलेली माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि शेवटची जोडणी त्यापायीच रखडली. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून मोठे आंदोलन झाले, चौकशी बसली. पाच वर्षांच्या योजनेला सात-आठ वर्षे लागली आणि खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला. कामगार दगावले, त्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे. स्टेशनवर उतरणाऱ्या प्रत्येकाने दोन मिनिटे तिथे थांबावे, असे मला मनापासून वाटते.

आता महामार्ग. वाजपेयी सरकारने १९९८ साली सुवर्ण चतुष्कोनाची घोषणा केली. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा चौपदरी रस्ता. त्यासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपयाचा उपकर लावून २००० साली केंद्रीय रस्ते निधीला कायद्याचे बळ दिले गेले. इथेही पैशाची सोय आधी होती, म्हणूनच ते काम हलले. पण चतुष्कोनाची रेघ मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर अशी घाटावरून गेली. तळकोकणातला सतरा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे आताचा सहासष्ट, त्यात नव्हता. महाड, लोटे-परशुराम इथल्या रासायनिक वसाहतींचे टँकर, एसटी, आंब्याचे टेम्पो आणि गोव्याचे पर्यटक हे सगळे दुपदरी वळणांवरूनच चालत राहिले.

२०११ साली पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचे काम टोलच्या भरवशावर खासगी ठेकेदाराला दिले गेले. तो काळच तसा होता. देशभर कंपन्या एकमेकींवर कडी करून रस्त्यांच्या निविदा भरत होत्या आणि बँका कर्ज देत होत्या. ज्यांनी वाहनांचे अंदाज फुगवून धरले ते दोन-तीन वर्षांत अडचणीत आले. शिवाय या पट्ट्यात जमीन पुरती हातात नव्हती आणि कर्नाळा अभयारण्यातून जाण्याची परवानगी अडलेली होती. म्हणजे यंत्रे रस्त्यावर उभी, कर्जाचे व्याज चालू आणि पुढचे तीन किलोमीटर खणायला मिळत नाहीत, अशी स्थिती. ठेकेदार पैशाअभावी थकला, काम थांबले, पुन्हा निविदा काढाव्या लागल्या. इंदापूरच्या खालचा झारापपर्यंतचा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेला. तो अनेक तुकड्यांत विभागून वेगवेगळ्या ठेकेदारांना दिला गेला. कुडाळ-कणकवलीकडे काम झपाट्याने झाले. संगमेश्वर, लांजा, चिपळूण, माणगाव इकडे ते रेंगाळले. एकाच रस्त्यावर दहा किलोमीटर गुळगुळीत काँक्रीट आणि पुढे लगेच चिखलातले वळणरस्ते. तुकडे रेल्वेच्या सात विभागांतही होते आणि इथेही आहेत. फरक एवढाच की इथे सगळ्या तुकड्यांना बांधून ठेवणारा एकच माणूस नाही. तक्रार घेऊन जायचे तर आधी आपण कोणत्या किलोमीटरवर उभे आहोत ते शोधावे लागते. शेवटी लोकांना उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन जावे लागले. तिथे एकामागून एक नव्या मुदती दिल्या गेल्या.

अभियंते कमी पडले असे मात्र मी म्हणणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. त्या रात्रीची आठवण आमच्या भागात अजून कुणी मोठ्या आवाजात काढत नाही. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी सुरू झाला. पूल एकच, जागा ताब्यातली, पैसे मंजूर, जबाबदारी निश्चित. हे सगळे जुळून आले तेव्हा याच मातीत, याच माणसांनी, याच खात्यांच्या देखरेखीखाली काम केले. कशेडी घाटाला टाळून जाणारा बोगदाही आता वाहतुकीला मिळाला आहे. २०२३ च्या गणपतीआधी त्याची एक मार्गिका उघडली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी गाडीतून हात जोडलेले मी पाहिले आहेत.

जमिनीचा प्रश्न कायद्यानेही बदलला आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाप्रमाणे आधी संपादनाचा इरादा जाहीर होतो, हरकती ऐकल्या जातात आणि वर्षभरात अंतिम घोषणा झाली नाही तर आधीची अधिसूचना रद्द होते, सगळे नव्याने करावे लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाले आणि ग्रामीण भागात बाजारभावाच्या चारपटीपर्यंत रक्कम मिळण्याची वाट मोकळी झाली. जमीन देणाऱ्याला न्याय मिळालाच पाहिजे, म्हणून हा बदल मला मान्य आहे. पण रक्कम वाढली तशी एका सातबाऱ्यावरच्या पंचवीस नावांत वाटणीची भांडणेही वाढली. निवाडा होतो आणि पैसे न्यायालयात पडून राहतात. जागेवर घर तसेच उभे असते आणि रस्ता त्याच्या उंबऱ्याशी येऊन अडतो. वारसनोंदी आणि पोटहिश्श्यांची मोजणी निविदेच्या दोन वर्षे आधी गावोगावी शिबिरे घेऊन केली असती, तर चौपदरीकरणाची कितीतरी वर्षे वाचली असती, असे माझे ठाम मत आहे. तलाठ्याच्या दप्तरातले हे काम खर्चाच्या मानाने नगण्य आहे. केंद्राने आता ८० ते ९० टक्के जमीन हातात आल्याशिवाय कामाची अधिकृत तारीख द्यायची नाही असा नियम केला आहे. २०१६ पासून आलेल्या ‘हॅम’ पद्धतीत बांधकामाच्या काळात ४० टक्के रक्कम सरकार स्वतः देते आणि बाकीची पुढच्या अनेक वर्षांत हप्त्यांनी, म्हणजे टोलचा जुगार ठेकेदाराच्या माथी राहत नाही. हे शहाणपण आले, पण पनवेल-इंदापूरकरांना त्याची किंमत मोजावी लागली.

तरीही कोकण रेल्वेचा नमुना जसाच्या तसा सगळीकडे लावावा, असे मी म्हणणार नाही. मार्ग बांधून झाला आणि कर्जाचा डोंगर महामंडळाच्या डोक्यावर राहिला. कोकणात कोळसा नाही. मालवाहतुकीवाचून रेल्वे पोसत नाही. म्हणून प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरून भाडे आकारले गेले आणि ते इथल्या गरीब प्रवाशाने भरले. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कडा कोसळून गाडी घसरली, पन्नासांहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी मत्स्यगंधा एक्स्प्रेसला करंजाडीजवळ तसाच अपघात झाला. त्यानंतर डोंगरउतार कमी करणे, जाळ्या बांधणे, पावसाळ्यात गस्त घालणे आणि वेगळे पावसाळी वेळापत्रक हे सगळे आले. मार्ग आजही बहुतेक एकेरीच आहे. रोहा ते वीर दुहेरीकरण २०२१ साली झाले, संपूर्ण विद्युतीकरण २०२२ साली. पण गणपतीत जादा गाड्या सोडल्या की क्रॉसिंगसाठी तासन्‌तास थांबणे आलेच. स्वतंत्र महामंडळाला एवढे भांडवल उभे करणे जमत नाही, म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करण्याची मागणी झाली आणि २०२५ साली महाराष्ट्राने, ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखण्याच्या अटीवर, संमती दिली. बांधायला महामंडळ योग्य होते, पोसायला मोठे घर हवे, असे मला वाटते.

रस्ता आणि रेल्वे यांचा विचार दोन मंत्रालयांनी दोन खोल्यांत बसून केल्याची खूण स्टेशनांच्या नावांतच आहे. राजापूर रोड, सावंतवाडी रोड. ज्या नावामागे ‘रोड’ लागते ते स्टेशन गावात नसते, गावाला जाणाऱ्या वाटेवर असते. सावंतवाडी रोड मळगावात आहे. पहाटे गाडीतून उतरलेल्या बाईला, कडेवर मूल आणि हातात दोन पिशव्या घेऊन, रिक्षावाल्याशी भाडे ठरवावे लागते. कोकणकन्या एक्स्प्रेसच्या वेळेला धरून एसटी ठेवणे हा कुणाच्याच धोरणाचा भाग नव्हता. पंतप्रधान गतिशक्ती योजनेत २०२१ पासून सगळ्या खात्यांची कामे एकाच नकाशावर आणायचे ठरले आहे. त्या नकाशावर मळगावची ती रिक्षा यायला हवी.

दोन्ही वाटा एकमेकींना खरोखर भेटतात ते कोलाडला. १९९९ पासून तिथे रो-रो चालते. मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. घाटाचा ताण, डिझेल, टायर आणि कधीकधी जीवही वाचतो. २०२५ च्या गणपतीत पहिल्यांदा चाकरमान्यांच्या मोटारीही तशाच नेण्याची सोय झाली. पावसात तिथे उभे राहिले की महामार्गावरून चिखलाने माखलेला ट्रक वळून आत येताना दिसतो. रॅम्पवरून तो सावकाश वर चढतो, चाकांना साखळ्या आवळल्या जातात. चालक इंजिन बंद करून आपल्याच केबिनमध्ये पाय पसरतो. पुढचे चारशे-सव्वाचारशे किलोमीटर त्याला गाडी हाकायची नसते.