वही घेऊन आलेला पाहुणा

दिवाळीत घरी येणाऱ्या पाहुण्यांचे प्रकार वाचकांना सांगायला नकोत. फराळापुरता येणारा एक, भाऊबीजेपुरता येणारा दुसरा, आणि भाऊबीज होऊन आठवडा लोटला तरी वळकटी बांधायचे नाव न काढणारा तिसरा. परंतु महाराष्ट्रातल्या काही घरांनी चौथ्या तऱ्हेचा पाहुणाही पाहिला आहे. हा सातासमुद्रांपलीकडून येतो, वर्ष-दीड वर्ष राहतो आणि येताना वही घेऊन येतो. पानावरची पुरणपोळी खाता खाता तो विचारतो, "ही आजच का केली? नैवेद्य आधी कोणाला दाखवता? कोणी शिकवली?" घरातल्या सुगरणीने पन्नास वर्षे पोळ्या केलेल्या असतात, पण हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेला नसतो. ती पदराला हात पुसते, जरा विचार करते आणि सांगू लागते. इकडे वही उघडते.

हा पाहुणा म्हणजे परदेशातून आलेला संशोधक विद्यार्थी. त्याचा दिवस आपल्याकडे कसा जातो, त्याला आपल्याकडून काय मिळते आणि आपल्याला त्याच्याकडून काय मिळते, याचा थोडा हिशेब मांडण्याजोगा आहे.

सोयीसाठी असे समजू की असा एक विद्यार्थी आगाशीला उतरणार आहे. विरार स्टेशनाच्या पश्चिमेला निघावे, बोळींज मागे टाकावे, की आगाशी येते. आणखी पुढे गेले की अर्नाळ्याचा समुद्र आणि बेटावरचा किल्ला. विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली ती १८६७ साली, तेव्हा हा मुलूख मुंबईकरांना परका नाही. इथली केळी, विड्याची पाने, भाजी आणि फुले मुंबईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या गेली. सोळाव्या शतकात इथे जहाजे बांधली जात, आणि पोर्तुगीजांनी या बंदराची जाळपोळही केली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, ती हकीकत तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. शिकायला येणाऱ्याला विषयांचा तोटा नाही.

मात्र गावात पाऊल टाकण्याआधी त्याला कागदांचा समुद्र ओलांडावा लागतो. संशोधनासाठी निराळा व्हिसा लागतो. तो मिळायचा तर इथल्या एखाद्या मान्य संस्थेने त्याला आपल्या छत्राखाली घ्यावे लागते. सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असेल तर आल्यावर चौदा दिवसांच्या आत सरकारी दप्तरी नोंद करावी लागते. घरच्या काकूंच्या लेखी तो पाहुणा, सरकारच्या लेखी तो एक नोंद. दोन्हीकडे तोंड गोड ठेवणे हा त्याच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा.

ही वाट फार जुनी नाही. १९५० साली भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची ये-जा सुरू झाली. १९६१ साली 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' ही संस्था निघाली, आणि तिचे इथले पहिले ठाणे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. पुण्याच्या पेठांतून सायकलवर फिरणारे गोरे विद्यार्थी त्यानंतरच्या वर्षांत नवलाईचे राहिले नाहीत. पुढे अमेरिकेतल्या काही कॉलेजांचे विद्यार्थी तिथल्या कुटुंबांतच राहून शिकू लागले.

आता त्याचा दिवस पाहू. पहाटे नळाच्या आवाजाने जाग येते. पाणी तासभरच येणार असते, म्हणून बादल्या भरण्यात त्यालाही हात लावावा लागतो. अंघोळ, चहा, पोहे. नऊच्या सुमारास तो बाहेर पडतो, आणि पहिल्याच घरी चहा पुढे येतो. दुसऱ्या घरी चहा. तिसऱ्या घरी तो हात जोडून नको म्हणतो, तेव्हा म्हातारी म्हणते, "त्यांच्याकडे घेतलास, मग आमच्याकडे का नको?" या प्रश्नाला कोणत्याही विद्यापीठाने उत्तर काढलेले नाही. तो चहा घेतो. असे सात-आठ चहा पोटात गेल्यावर त्याच्या ध्यानात येते की कप नाकारणे आणि घर नाकारणे यांत इथे फारसे अंतर नाही. हे त्याच्या प्रश्नावलीत नव्हते. पण रात्री वहीत पहिल्यांदा तेच लिहिले जाते.

प्रश्नावलीचे तर निराळेच होते. याने पहिला प्रश्न विचारण्याआधी गाव याला दहा विचारते. लग्न झाले का? अजून का नाही? आई-बाप कुठे असतात? त्यांना एकटे टाकून आलास? पगार किती? पगार नाही, विद्यार्थी आहे म्हटल्यावर बाकावरचे आजोबा हळहळतात, "एवढा मोठा झाला, अजून शिकतोच आहे!" तो तपासायला आलेला असतो आणि आधी त्याचीच तपासणी होते. यात वाईट काही नाही. ज्याची माहिती नाही त्याला माहिती का द्यावी, हा गावाचा रोकडा हिशेब आहे.

खरी परीक्षा भाषेची. पुस्तकातून मराठी शिकून आलेला विद्यार्थी आगाशी-नंदाखाल-निर्मळच्या वाड्यांत शिरला की त्याची तारांबळ उडते. इथे सामवेदी, म्हणजे कादोडी, बोलली जाते. वाडवळी बोलली जाते. अर्नाळ्याकडे कोळ्यांची बोली ऐकू येते. सामवेदी ही मराठीच्याच अंगणातली, पण गुजरातीचा वारा लागलेली बोली. गंमत अशी की ती सामवेदी ब्राह्मणांच्या घरी बोलतात आणि सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांतही. एका घरात देव्हारा, दुसऱ्या घरात क्रूस, आणि दोन्ही घरांतल्या आज्या नातवंडांना हाका मारतात त्या एकाच बोलीत. चारशे वर्षांच्या उलथापालथीत धर्म बदलला, पण बोली जागेवर राहिली, हे या विद्यार्थ्याला एखाद्या ओट्यावर बसल्या बसल्या कळते.

या रोजच्या जगण्यातून काय उभे राहू शकते हे पाहायचे तर आगाशीहून जरा देशावर, फलटणला जायला हवे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई १९६१ साली प्रथम भारतात आल्या त्या हैदराबादच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि १९६६ साली प्रबंधाच्या कामासाठी त्या फलटणला येऊन राहिल्या. विषय साधा दिसणारा आणि फार अवघड: फलटणचे लोक कसे बोलतात? कोणत्या आळीत कोणता उच्चार, शिकलेला माणूस एखादा शब्द कसा म्हणतो आणि न शिकलेला कसा म्हणतो. असल्या अभ्यासाला टिपणवहीपेक्षा कान अधिक लागतात, आणि कान तयार व्हायला बाजारात, पाणवठ्यावर, लग्नकार्यात वर्षानुवर्षे वावरावे लागते.

फलटणलाच राहत होत्या लेखिका जाई निंबकर, इरावती कर्वे यांच्या कन्या. बर्नसन आणि निंबकर या दोघींनी मिळून १९७५ साली परक्यांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण आणि एक शब्दकोश सिद्ध केला. परदेशातून मराठी शिकायला निघालेल्या किती जणांनी या पुस्तकांच्या आधाराने पहिली वाक्ये जुळवली असतील!

पण हकीकत इथे थांबत नाही. प्रबंध झाल्यावर विद्यार्थी सामान आवरतो, स्टेशनवर हार घालून घेतो आणि जातो, अशी रीत. बर्नसन गेल्या नाहीत. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. पुढे 'प्रगत शिक्षण संस्था' निघाली. शाळेबाहेर राहिलेल्या, दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवणे हे काम त्यांनी अंगावर घेतले. १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. गावाच्या बोलीचा अभ्यास करता करता एक गोष्ट डोळ्यांपुढे आली होती: ज्या मुलाची घरची बोली शाळेच्या पुस्तकात नसते, ते मूल पहिल्याच दिवशी मागे पडते. प्रबंधातली ही गोष्ट त्यांनी वर्गात आणून तिच्यावर उपाय शोधला. फलटणची मुले त्यांना 'मॅक्सीनमावशी' म्हणू लागली. विद्यापीठाने दिलेली 'डॉक्टर' ही पदवी मोठी खरी, पण गावाने दिलेली पदवी मिळायला अधिक काळ लागतो.

अशी आणखी नावे आहेत. एलिनॉर झेलियट १९५२ साली प्रथम भारतात येऊन गेल्या आणि पुढे डॉ. आंबेडकर व महार समाजाची चळवळ हा विषय त्यांनी निवडला. १९६९ साली त्यांचा प्रबंध पुरा झाला. ज्या काळात आपल्या विद्यापीठांतच या विषयाकडे फारसे कोणी वळत नव्हते, त्या काळात त्या वस्त्यांतून हिंडून कार्यकर्त्यांच्या आठवणी आणि जुनी पत्रके गोळा करीत होत्या. गेल ऑम्वेट १९६३ साली प्रथम आल्या. महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ यांवरच्या प्रबंधाला १९७३ साली बर्कलेच्या विद्यापीठात पदवी मिळाली. भारत पाटणकरांशी विवाह करून त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई झाल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर माळरानांवर फिरले, त्यांच्या ओव्या ऐकल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. पंढरीला आपण जातो, जेजुरीचा भंडारा आपण उधळतो. पण मेंढरांमागे चालणारा माणूस कोणत्या ओव्या म्हणतो हे ऐकायला बसण्याची सवड आपल्यांतल्या थोड्यांनाच झाली.

उलट्या दिशेनेही ही वाट चालली गेली आहे. खुद्द इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. परक्या थंडीत, परक्या भाषेत, परक्या जेवणावर दिवस काढणारा विद्यार्थी म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपली मुले आज मोठ्या संख्येने बाहेर शिकायला जातात. तिकडे एखादी घरमालकीण त्यांना तापात गरम सूप करून देत असेल, तर ते आगाशीच्या काकूंच्या चहाचेच भावंड.

आता हिशेबाची दुसरी बाजू. या पाहुण्याला आपण देतो ते मोजता येत नाही: वेळ, घरातल्या गोष्टी, कधी कधी दुःखेही. म्हातारा माणूस दोन-तीन दुपारी बसून आपले आयुष्य सांगतो. त्याचे पुढे इंग्रजी पुस्तक होते, दूरच्या ग्रंथालयात कपाटात बसते, आणि सांगणाऱ्याच्या नातवाला ते दिसतही नाही. हा दोष एकट्या पाहुण्याचा नव्हे. परंतु तक्रार खोटी नाही. म्हणून यजमानाने दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या. पहिली, छापाल ते आम्हांला मराठीतून वाचून दाखवा. दुसरी, आमच्या माणसांचे फोटो आणि आवाज यांची एक प्रत गावात ठेवून जा. प्रामाणिक विद्यार्थ्याला हे ओझे वाटणार नाही. जो खरोखर शिकायला आला आहे, त्याला आपली चूक गावासमोरच दुरुस्त होणे हवेच असते.

आणि आपले काय? आगाशीत आज लिहून ठेवण्याजोगे जे आहे ते थांबून राहणारे नाही. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. इमारती वाड्यांच्या कुंपणाला येऊन भिडल्या. वसईच्या वाड्यांत बावखले असत, म्हणजे मुद्दाम खणलेली गोड्या पाण्याची तळी. पावसाचे पाणी त्यांत मुरायचे आणि विहिरींना पुरायचे. वाडी त्यावर हिरवी राहायची. त्यांतली कितीतरी बुजली. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि सुक्या पानात बांधायची, की सुकेळी तयार. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण केळे नेमके किती पिकलेले हवे, ऊन कुठवर द्यायचे आणि दमट वारा सुटला तर काय करायचे, ते हातांना ठाऊक असते, कागदाला नव्हे. आणि ते हात आता म्हातारे झाले आहेत. कादोडीतले वाडीचे, पाण्याचे, केळीचे शब्दही त्याच हातांबरोबर आहेत. बावखल बुजले की त्याच्या काठावरचे शब्दही कोणाच्या तोंडी येईनासे होतात.

हे सगळे टिपायला एखादा परदेशी विद्यार्थी येईलही. आला तर त्याला चहा द्यावा, ओट्यावर जागा द्यावी आणि तोंडभरून सांगावे. पण त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. त्याला व्हिसा लागतो, भाषा शिकावी लागते, विश्वास मिळवावा लागतो. घरच्या नातवंडाला यांतले काहीच लागत नाही. दादर, ठाणे, पुण्याहून सुट्टीत आजोळी गेलेल्या मुलाच्या हाती एक वही द्यावी, खिशात फोन असतोच, त्यात आवाजही घेता येतो. आजीजवळ बसून त्याने एवढेच विचारावे: "तू लहान होतीस तेव्हा पाणी कुठून आणायचीस? त्या जागेला काय म्हणायचे?" आजी आधी म्हणेल, "त्यात काय सांगायचे!" परका विद्यार्थी हे उत्तर ऐकून हलत नाही, चहाचा कप हातात धरून बसून राहतो. नातवाने एवढे त्याच्याकडून शिकावे. जरा वेळाने आजी सांगू लागेलच.