लंडनचे वार्तापत्र : जखम पहिल्यांदा कोण लिहितो?

शेंद्र्याहून फोन आला की परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीच्या कोठडीतल्या मृत्यूचा विषय निघतोच. परभणीहून घाटी रुग्णालयाकडे येणारा जालना रस्ता आपल्या गावावरूनच जातो. ते दुःख शेंद्र्याला लांबचे नाही. ‘पोलिसांच्या माराने माणूस गेला तर तिकडे काय करतात?’ असे विचारणाऱ्यांना मी इयान टॉमलिनसनची हकिगत सांगतो.

१ एप्रिल २००९. लंडनमध्ये जी-२० परिषदेविरुद्ध निदर्शने चालू होती. ४७ वर्षांचा टॉमलिनसन निदर्शक नव्हता. वर्तमानपत्रे विकणारा हा माणूस घरी निघाला होता. पाठमोरा चालत असताना एका पोलिसाने त्याच्या पायावर दंडुका मारला आणि त्याला ढकलून पाडले. तो उठला, थोडे अंतर चालला आणि कोसळला. पहिले शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. फ्रेडी पटेल यांनी हृदयविकार हे कारण लिहिले. मग ‘गार्डियन’ने त्या धक्क्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. डॉ. नॅट केरी यांनी पुन्हा शवविच्छेदन केले तेव्हा पोटावरचा बोथट आघात आणि आतला रक्तस्राव समोर आला. तिसऱ्या तज्ज्ञानेही केरींनाच दुजोरा दिला.

तरी गाडे अडलेच. पहिल्या वेळी पोटात सुमारे तीन लिटर द्रव सापडला होता. त्यात रक्त किती, हाच कळीचा प्रश्न होता. पण पटेलांनी नमुनाच ठेवला नव्हता. डॉक्टरांत एकमत नाही म्हणून जुलै २०१० मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. एक बाटलीभर नमुना जपला असता तर हा वाद उरलाच नसता, असे मला वाटते.

कोंडी फोडली ती कोरोनरच्या चौकशीने. इथे संशयास्पद मृत्यूची चौकशी एकट्या पोलिसांकडे राहत नाही. ती कोरोनर या स्वतंत्र न्यायिक अधिकाऱ्याकडेही जाते. (मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता.) मृत्यूला पोलिसांची कृती कारण असल्याची शंका असेल तर चौकशी ज्युरीसमोर होते आणि घरच्यांचा वकील डॉक्टरांना प्रश्न विचारतो. घरच्यांना दुसरे शवविच्छेदनही मागता येते. मे २०११ मध्ये या ज्युरीने ‘बेकायदा हत्या’ असा निर्णय दिला. त्यानंतर पोलिसावर खटला झाला, पण २०१२ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी त्याची नोकरी गेली आणि पटेलांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. २०१३ मध्ये लंडन पोलिसांनी कुटुंबाची माफी मागितली. तुरुंगात कोणीही गेले नाही, म्हणून विलायतेला मी आदर्श म्हणणार नाही.

आता परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये ३५ वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ कोठडीत मरण पावला. मारहाणीची तक्रार त्याने दंडाधिकाऱ्यांकडे केली नव्हती आणि त्याला श्वसनाचा आजार होता, असे मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. घाटीच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे आलेला शॉक, असे कारण होते. घाटीच्या डॉक्टरांनी देहावर दिसले ते लिहिले, याचे मोल फार मोठे आहे. पण त्या कागदावरून गुन्हा नोंदवा, हा आदेश मिळवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जावे लागले. तो ४ जुलै २०२५ ला मिळाला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथेही आदेश कायम राहिला. जखमा डिसेंबरात लिहिल्या गेल्या होत्या, हे विसरू नये.

मृत्यूनंतरच्या अहवालापर्यंत वेळच येऊ नये, यासाठी आपल्याकडेही कायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच डॉक्टरांनी तपासणी करायची, जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ लिहायची आणि त्याची प्रत अटकेतल्या माणसाला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला द्यायची. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी. गावातल्या कोणाला पोलिसांनी उचलले तर जामिनाची धावपळ सुरू करतानाच ही प्रत मागा, आणि ती लेखी अर्ज देऊन मागा.