सवडीनें पाहावयाची दिल्ली

दिल्लीस जाणारा प्रवासी बहुधा घाईंत असतो. कुतुबमिनारापासून राष्ट्रपतिभवनापर्यंत सारें एका दिवसांत आटोपावयाचें असा त्याचा बेत असतो. आणि घरीं परतल्यावर कोणती इमारत कोणाची, हेंही त्याला धड सांगतां येत नाहीं. त्यापेक्षां एक सबंध दिवस एकट्या शाहजहानाबादेस, म्हणजे शाहजहान बादशहानें वसविलेल्या जुन्या दिल्लीस द्यावा. वार मात्र सोमवार नसावा. त्या दिवशीं लाल किल्ला बंद असतो.

सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं, नमाजाची वेळ टाळून, जामा मशिदीच्या पायऱ्या चढाव्या. ही मशीद १६५६ सालीं पुरी झाली. तिच्या पूर्वेकडील दरवाजाशीं उभें राहिलें, कीं किल्ल्याचा तांबडा तट दिसतो, आणि मशीद व राजवाडा यांची सांगड बादशहानें कशी घातली होती, तें नकाशावांचून समजतें.

तेथून चांदणी चौकांत पायींच जावें. या बाजाराची आंखणी बादशहाची कन्या जहानआरा हिनें केली. रस्त्याच्या मधून तेव्हां कालवा वाहत असे; आज तो नाहीं. याच रस्त्यावर शीसगंज गुरुद्वारा आहे. १६७५ सालीं गुरु तेगबहादुरांचा येथें शिरच्छेद झाला. शेजारींच सोनेरी मशीद आहे. १७३९ सालीं नादिरशहानें शहरांत कत्तल मांडली, तेव्हां तो याच मशिदींत बसला होता.

दुपार टळल्यावर किल्ल्यांत शिरावें. १६४८ सालीं पुऱ्या झालेल्या या किल्ल्यांत दिवाण-इ-खास हा खाशा दरबाराचा महाल आहे. त्याचे संगमरवरी खांब पाहून झाले, म्हणजे मान वर करावी. छत रंगविलेल्या लांकडाचें आहे. पूर्वीं तें चांदीनें मढविलेलें होतें. येथील मयूरासन नादिरशहानें नेलें. पण चांदीचा पत्रा १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं काढविला. फौजेच्या खर्चास पैसा उरला नव्हता. पुढें १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें.

१८५७ नंतर इंग्रजांनीं आंतील कित्येक महाल पाडून बराकी बांधल्या, हें सांगतांना मराठी प्रवाशाचा आवाज चढतो. या छताखालीं त्यानें तो थोडा उतरवावा. भाऊंची अडचण खरी होती. छत उघडें पडलें, हेंही खरें आहे. जें उभें आहे तें घाईंतही दिसतें; जें गेलें, तें कोणीं व कां नेलें, हें उमगावयास मात्र दिवस मोकळा लागतो.